बोडी: गाव सोन्याचं, हिशेब लाकडाचा

प्रश्न असा आला आहे: "उन्हाळ्यात मुलाकडे कॅलिफोर्नियाला जाणार आहोत. तिथून बोडी नावाचं सोन्याच्या खाणींचं ओसाड गाव बघायचा बेत आहे. सोनं सापडलं, गाव वसलं, सोनं संपलं, गाव उठलं, एवढंच सगळीकडे वाचायला मिळतं. सोनं खरंच असं संपतं का? आणि चार-पाच वर्षांत हजारो माणसं येऊन जाणारं गाव जगायचं तरी कशावर?"

खदानीत आयुष्य काढलेला माणूस "सोनं संपलं" असं सहसा म्हणत नाही. तो म्हणतो, "आता परवडत नाही." या दोन वाक्यांत जेवढं अंतर आहे, तेवढ्यातच बोडीचा सगळा इतिहास बसतो. मी सुरुवातीला भंडाऱ्याकडे मँगनीजच्या खदानीत होतो, पुढे बरीच वर्षं कर्नाटकात जमिनीखालच्या सोन्याच्या खाणीत. निवृत्तीनंतर मुलीकडे जाणं होतं, त्यात बोडी दोनदा पाहिलं. पहिल्यांदा पर्यटक म्हणून गेलो आणि चुकीच्या गोष्टी बघून आलो. दुसऱ्यांदा नुसतं लाकूड बघत फिरलो, तेव्हा गाव कळलं. म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी नावाची गंमत. आमच्याकडे पूर्व विदर्भात बोडी म्हणजे शेताला पाणी देणारा लहान तलाव. या बोडीत पाण्याचीच मारामार. कॅलिफोर्नियाच्या पूर्व कडेला, नेवाडाच्या सीमेजवळ, ८,३७९ फुटांवर उघड्या टेकड्यांच्या खोलगटीत हे गाव आहे. कळसूबाईच्या डोक्यावर आणखी नऊशे मीटर चढा, एवढी ती उंची. आजूबाजूला गुडघाभर करडी झुडपं आणि अंगावर येणारा वारा. गावात सावलीला म्हणून एक झाड नाही. हे झाड नसणं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नाव पडलं वॉटरमन बोडी या माणसावरून. न्यूयॉर्ककडचा हा गडी १८५९ साली जोडीदारांबरोबर इथे सोनं शोधत आला आणि त्याला ते सापडलंही. त्याच वर्षी थंडी सुरू होताना तो शिधासामान आणायला गेला आणि परतताना बर्फाच्या वादळात अडकून मेला. गाव भरभराटीला आल्यावर लोकांना त्याची आठवण झाली. १८७९ मध्ये त्याची हाडं शोधून गावच्या दफनभूमीत इतमामाने पुरली, ग्रॅनाइटचं स्मारकही करायला घेतलं. तेवढ्यात १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांची हत्या झाली आणि गावाने ते स्मारक त्यांच्या नावाने उभं केलं. बोडीची कबर तशीच राहिली. त्याच्या नावाच्या स्पेलिंगमधलं अक्षरसुद्धा पाटी रंगवणाऱ्याने बदलून टाकलं, असं सांगतात.

सुरुवातीची सतरा-अठरा वर्षं गाव कसंबसं तग धरून होतं. शेजारच्या अरोरा या खाणगावाची तेव्हा चलती होती, गर्दी सगळी तिकडे. बोडीत थोडे लोक, थोडी बिळं, आणि शहरातल्या कंपन्यांचे बुडालेले पैसे.

इथे भूगर्भशास्त्र थोडं सांगावं लागेल, कारण गावाचं आयुष्य किती, हे खडकाने आधीच ठरवून ठेवलं होतं. सोनं दोन तऱ्हांनी मिळतं. एक सुटं सोनं: नदीच्या वाळूत आलेले कण. वैनगंगेच्या खोऱ्यात, बालाघाट-चंद्रपूर भागात सोनझारी लोक लाकडी पात्रात वाळू धुऊन पिढ्यानपिढ्या हेच करत आले. त्याला भांडवल लागत नाही. एक माणूस, एक पात्र, वाहतं पाणी. १८४९ ची कॅलिफोर्नियातली पहिली झुंबड याच सुट्या सोन्यासाठी होती. दुसरं सोनं खडकाच्या शिरेत, गारगोटीत अडकलेलं. ते काढायचं तर शाफ्ट, म्हणजे विहिरीसारखा उभा खड्डा, खणा, छताला टेकू द्या, पाणी उपसा, दगड वर आणा, त्याचं पीठ करा, मग कुठे सोनं. हे एकट्यादुकट्याचं काम नाही, ते कंपनीचं. बोडी या दुसऱ्या प्रकारात मोडतं. त्यामुळे घमेलं घेऊन नदीत उभा असलेला दाढीवाला म्हातारा, हे जे चित्र आपल्या डोळ्यासमोर येतं, ते बोडीला लागू पडत नाही. बोडी हे पगारदारांचं गाव होतं.

आणखी एक. बोडीच्या शिरा ज्वालामुखीच्या खडकातल्या, भूगर्भाच्या मानाने कोवळ्या, ऐंशी-नव्वद लाख वर्षांच्या. जमिनीखालचं तापलेलं पाणी भेगांतून वर येतं, पृष्ठभागाजवळ दाब कमी झाला की उकळतं, आणि त्या उकळण्यात विरघळलेलं सोनं-चांदी गारगोटीबरोबर खाली बसते. चहाच्या पातेल्याला एका ठरावीक रेघेवर राप धरावा, तसं. म्हणजे माल एका ठरावीक पट्ट्यात, तोही वरच्या भागात. कोलारचं उलट. तिथला खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुना, शिर खोल खोल जाणारी. म्हणून कोलार सव्वाशे वर्षं चाललं, तीन किलोमीटरच्या खाली गेलं आणि २००१ मध्ये बंद पडलं. बोडीत वरच्या पाचेकशे फुटांत जे मिळालं ते मिळालं. हजार-बाराशे फुटांपर्यंत शाफ्ट नेणाऱ्यांच्या हाती मुख्यतः पाणी लागलं. १८७८ मध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे जितकं खोल तितकं श्रीमंत. शेजारच्या नेवाडात व्हर्जिनिया सिटीच्या चांदीने तो समज पक्का करून ठेवला होता.

तर झालं असं की १८७५ च्या सुमारास बंकर हिल नावाच्या एका गरीब खदानीत दरड कोसळली. दोन माणसं ती कशीबशी चालवत होती. पडलेल्या मलब्यामागे भरगच्च सोन्याची शिर उघडी पडली. त्यांनी थोडं खणलं आणि साठ-सत्तर हजार डॉलरांना खदान सॅन फ्रान्सिस्कोच्या लोकांना विकली. तीच १८७७ साली स्टँडर्ड कंपनी झाली. पुढच्या पंचवीस वर्षांत तिने दीड कोटी डॉलरांच्या जवळपास माल काढला. ज्यांच्या छतातून सोनं पडलं, ते मात्र साठ-सत्तर हजारांत बाहेर. याबद्दल हळहळणारे पुष्कळ भेटतात. मी हळहळत नाही. त्या दोघांकडे दगड कुटणारी वीस मुसळांची गिरणी उभारायला पैसा कुठून येणार होता?

१८७८ मध्ये शेजारच्या बोडी कंपनीला त्याहून भारी माल लागला. सेंट्समध्ये मिळणारा तिचा शेअर काही महिन्यांत पन्नास डॉलरच्या घरात गेला आणि झुंबड उडाली. तीसेक कंपन्या, नऊ गिरण्या, मैलभर लांब बाजारपेठ, पासष्ट सलून. सलून म्हणजे दारूचे गुत्ते, नाहीतर आपल्याकडचा वाचक म्हणेल एवढे न्हावी कशाला लागत होते.

लोकसंख्या दहा हजार असल्याचं तुम्हाला पाटीवर, पुस्तिकेत, सगळीकडे वाचायला मिळेल. माझा त्यावर विश्वास नाही. बोडी ज्यात येतं त्या अख्ख्या मोनो काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, १८८० च्या जनगणनेतली लोकसंख्या साडेसात हजारांच्या आसपास आहे. काउंटीपेक्षा गाव मोठं कसं असेल? येणारेजाणारे धरून पाच-सात हजार म्हणा, तेवढं पटतं. गाव मेलं की त्याची माणसं दरवर्षी वाढत जातात, हे मी कोलारमध्येही पाहिलं आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न: जगायचे कशावर? पगारावर. खाणकामगारांची संघटना पक्की होती, तिचा हॉल आजही उभा आहे. जमिनीखाली काम करणाऱ्याला दिवसाला चार डॉलर ठरलेले. सोन्याचा भाव तेव्हा औंसाला २०.६७ डॉलर असा बांधलेला. हिशेब केला तर रोजचे सहा ग्रॅम सोनं, म्हणजे अर्ध्या तोळ्याहून किंचित जास्त. ऐकायला राजेशाही वाटतं. पण गावात येणारी प्रत्येक वस्तू, पिठापासून खिळ्यापर्यंत, खेचरांच्या गाडीने डोंगर चढून यायची, त्यामुळे पगाराचं सोनं दुकानदाराच्या गल्ल्यात जायचं. शिवाय थंडी. १८७८-७९ च्या हिवाळ्यात न्यूमोनियाने किती तरी माणसं गेली. घरं घाईत उभारलेली, एकेरी फळीची. आणि १८७९ च्या जुलैत स्टँडर्डजवळचं दारूगोळ्याचं कोठार उडालं.

गोळीबार आणि "बोडीचा बदमाश" या कथा इंटरनेटवर भरपूर आहेत, त्या तिथेच वाचा. त्या काळी अमेरिकेत त्या तोंडोतोंडी झाल्या होत्या. गावात खून होत होते हे खरं. पण माझ्या मते बोडीतली सगळ्यात हिंसक वस्तू म्हणजे तिथला बॉयलर. त्याने आसपासची जंगलं खाल्ली.

इथे लाकडाकडे येतो. जमिनीखालच्या खाणीला लाकूड तीन ठिकाणी लागतं, आणि बोडीला चौथ्याही ठिकाणी लागत होतं.

पहिलं, टेकू. आमच्याकडे त्याला बल्ली म्हणतात. दगड काढला की पोकळी होते, वरचं छत खाली यायला बघतं, त्याला बल्ल्यांनी तोलून धरायचं. मी नवा होतो तेव्हा एका वयस्कर मिस्त्रीने मला बल्लीला कान लावायला शिकवलं होतं. भार वाढला की लाकूड आधी बारीक कणकणतं, मग तडकतं, मग मोडतं. "ती बोलतेय तोवर पळायला वेळ आहे," तो म्हणायचा. लोखंड बोलत नाही, म्हणून जुने लोक लोखंडाच्या टेकूखाली मनातून धास्तावलेले असत. बोडीच्या टेकड्यांच्या पोटात असे मैलोगणती बोगदे आहेत आणि त्यात उभं केलेलं लाकूड जमिनीवरच्या गावात होतं त्याहून कमी नसणार.

दुसरं, वाफ. शाफ्टमधून माणसं आणि दगड वर ओढणारं इंजिन, पाणी उपसणारा पंप आणि दगड कुटणारी गिरणी हे सगळं वाफेवर चालायचं. दगडी कोळसा जवळपास नाही. म्हणजे बॉयलरखाली रात्रंदिवस लाकूड.

तिसरं, चूल आणि शेगडी. बोडीत उन्हाळ्यातही रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो. घरोघरी ती शेगडी वर्षभर पेटती ठेवावी लागे.

चौथं, गाव स्वतः. थोडीफार विटांची इमारत सोडली तर घर, दुकान, चर्च, फुटपाथ, सगळं फळ्यांचं.

आणि गावात झाड एकही नाही.

आधी जवळच्या टेकड्यांवरचे बुटके पिन्यन पाइन तोडले गेले. तोडणारे आणि खेचरांवर लादून दारोदार पोचवणारे मुख्यतः चिनी लोक. गावाच्या एका टोकाला किंग स्ट्रीटवर त्यांची वस्ती होती. धोबीकाम, भाजी, जळाऊ लाकूड हे धंदे त्यांच्याकडे. ज्याला गाव रस्त्यावर धड चालू देत नव्हतं, त्याच्याच हातून गावाची चूल पेटायची. पिन्यनच्या शंकूतल्या बिया, चिलगोज्यासारख्या, हे मोनो सरोवराकाठच्या मूळ रहिवाशांचं, पायूट लोकांचं, हिवाळ्याचं धान्य. ती झाडं बॉयलरमध्ये गेली तेव्हा कुणाचं तरी शेत जळत होतं. खाणीच्या नफातोट्याच्या कागदावर अशा खर्चाला रकाना नसतो. आमच्याही नव्हता.

जवळचं संपलं तेव्हा मोनो सरोवराच्या दक्षिणेचं मोठ्या पाइनचं जंगल गाठायचं ठरलं. तिथे करवतीची गिरणी घातली आणि १८८१ मध्ये मोनो मिल्स ते बोडी अशी बत्तीस मैलांची अरुंद रेल्वे बांधली. आपल्याकडच्या शकुंतलासारखीच लहान रुळांची म्हणा. पण ही रेल्वे देशातल्या दुसऱ्या कुठल्याही रेल्वेला जोडलेली नव्हती, कधी जोडली गेलीही नाही. एका टोकाला जंगल, दुसऱ्या टोकाला खदान. मधे सरोवराच्या काठापासून दोन हजार फुटांचा चढ, तो चढायला घाटात मागेपुढे करत जाणारे टप्पे. सोनं घोडागाडीतूनच बाहेर जात राहिलं, त्याला रेल्वे लागतच नाही, एका पेटीत मावतं. रेल्वे लागली ती लाकडाला.

बांधकामाला चिनी मजूर लावले म्हणून गावातले गोरे कामगार खवळले आणि त्यांचा जमाव चिन्यांना हुसकायला निघाला. कंपनीला आधी कुणकुण लागली. तिने मजुरांना तंबू-सामानासकट होडीत घालून सरोवरातल्या पाओहा बेटावर नेऊन ठेवलं. जमाव काठावर पोचला तर समोर खारं पाणी आणि पलीकडे माणसं. होडी नाही. दारू मात्र सोबत होती. ती संपल्यावर सगळे पायी परत. हा प्रसंग वाचताना हसू येतं, पण बेटावर बसून काठाकडे बघणाऱ्या त्या मजुरांच्या जागी स्वतःला ठेवलं की हसू मावळतं.

रेल्वे पूर्ण झाली त्या १८८१ मध्येच उत्पादनाने शिखर गाठलं, वर्षाला तीस लाख डॉलरांच्या वर. आणि त्याच सुमारास माणसं गाव सोडू लागली होती. बहुतेक कंपन्यांना परवडणारा माल कधी लागलाच नव्हता, त्या शेअरबाजारातून येणाऱ्या पैशावर शाफ्ट खोल करत होत्या. बाजार बसला तसे पंप थांबले, पंप थांबले तशी पोकळी पाण्याने भरली. १८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दीड-दोन हजार माणसं उरली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. बोडीत हा मसाला म्हणजे लाकूड.

लोक इथे गोष्ट संपवतात. मला मात्र खरी गोष्ट इथून पुढची वाटते, कारण झुंबड ओसरल्यावर स्टँडर्ड कंपनीने काळाच्या पुढची कामं केली.

आधी गिरणीत काय चालायचं ते बघा, कारण ती गिरणी आजही उभी आहे आणि रेंजर, म्हणजे उद्यानाचे रक्षक, आत फिरवून आणतात. वीस मुसळं एका रांगेत, प्रत्येकाला काही शे किलोंचं लोखंडी डोकं. आपल्या उखळ-मुसळाचंच तत्त्व. फक्त बायकांच्या हाताऐवजी वाफ. दगडाचं पीठ पाण्याबरोबर पाऱ्याचा लेप दिलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून वाहायचं. सोन्याचा कण पाऱ्याला चिकटतो, बाकीचं पुढे जातं. मग पत्रा खरवडून तो लगदा कातड्यातून पिळायचा. मोकळा पारा कातड्याबाहेर येतो, आत राहतो तो घट्ट करडा गोळा. तो बंद भांड्यात तापवला की उरलेला पारा वाफ होऊन जातो, भांड्यात सोनं-चांदी. मुलामा देणाऱ्या जुन्या सोनारांना हे नवं नाही, आणि त्यांच्यापैकी काहींचे म्हातारपणी हात का थरथरायचे तेही त्यांना नवं नाही.

या पद्धतीत बारीक सोनं निसटतं. ते गाळाबरोबर खालच्या तलावात जाऊन पडत होतं. १८९० च्या दशकात सायनाइडची पद्धत आली: गाळ सायनाइडच्या सौम्य द्रावणात भिजवायचा, सोनं त्यात विरघळतं, मग जस्तावर ते खाली बसवायचं. ग्लासगोला १८८७ मध्ये या पद्धतीचं पेटंट झालं आणि बोडीने ती कॅलिफोर्नियात अगदी सुरुवातीला उचलली. जो गाळ वीस वर्षं फेकला, त्यातूनच पुन्हा सोनं. सराफकट्ट्यावर झारेकरी काय करतो? सोनाराच्या दुकानाचा केर विकत घेतो, धुतो, जाळतो आणि त्यातली रती-गुंज काढतो. स्टँडर्ड कंपनी म्हातारपणी स्वतःचीच झारेकरी झाली.

दुसरं काम विजेचं. कंपनीचे व्यवस्थापक थॉमस लेगेट यांनी १८९२-९३ मध्ये तेरा मैलांवरच्या ग्रीन क्रीक ओढ्यावर जलविद्युत घर बांधलं, पाण्याच्या झोताने फिरणारी पेल्टन चक्रं बसवली आणि ती वीज तारांनी गिरणीत आणली. प्रत्यावर्ती (एसी) वीज इतक्या लांब नेऊन कारखाना चालवण्याचा जगातल्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी हा एक. गाईड सांगतात की तारा एकाही वळणाशिवाय सरळ नेल्या, कारण वळणावर वीज तारेतून उडून जाईल अशी भीती होती. ऐकून सगळे हसतात. मला त्यात तथ्य वाटत नाही. तांबं महाग असतं आणि सरळ रेषेला ते सगळ्यात कमी लागतं, एवढं कारण कुठल्याही इंजिनियरला पुरतं. दहा वर्षांनी, १९०२ मध्ये, आपल्याकडे कावेरीवरच्या शिवनसमुद्रमहून ब्याण्णव मैल तार ओढून कोलारला वीज आली, तीही याच अडचणीतून: जळण परवडेना. कोलारचे जुने लोक शिवनसमुद्रमचं नाव देवासारखं घेत. बोडीची वीज त्याच घराण्यातली थोरली बहीण. मोटर आली, बॉयलर विझला आणि सगळं गणित बदललं. कमी प्रतीचा दगडही परवडू लागला. १८९८ मध्ये गिरणी जळाली तर पुढच्याच वर्षी नवी उभी केली, इतका जीव त्या धंद्यात होता. सोनं तेवढंच होतं, खर्च उतरला होता.

उतरणीचं थोडक्यात सांगतो. १८९२ मध्ये आगीने बाजारपेठेचा मोठा भाग नेला. पहिल्या महायुद्धाच्या काळात रेल्वे उखडून तिचं लोखंड विकलं. १९३२ च्या आगीत उरलेल्या गावाचा बहुतेक भाग गेला. काड्यापेटीशी खेळणाऱ्या एका लहान मुलामुळे ती लागली असं सांगतात. बंबाच्या नळातून पाण्याऐवजी गाळ आणि खडे आले, कारण टाकीच्या तोंडाची जाळी जागेवर नव्हती. (देखभालीतल्या हयगयीची याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही. नव्या पोरांना प्रशिक्षणात ती मी दरवर्षी सांगायचो.) त्याच दशकात सोन्याचा भाव पस्तीस डॉलर झाला तेव्हा जुने ढिगारे पुन्हा उपसायला लोक आले. १९४२ मध्ये युद्धकाळातल्या सरकारी हुकमाने अमेरिकेतल्या सोन्याच्या खाणी बंद झाल्या, कारण माणसं आणि यंत्रं तांब्याला, शिशाला हवी होती. बोडीचं पोस्टही त्याच वर्षी बंद झालं.

मग गाव उरलं कसं? जेम्स केन या माणसामुळे. तो १८७९ मध्ये पंचविशीत बोडीला आला आणि पैसा केला तो मोनो सरोवरातून तराफ्यांवर लाकूड आणून विकून. पुढे बँक, पुढे एकेक घर, शेवटी स्टँडर्ड कंपनीच त्याच्या हाती आली. गावातला सगळ्यात टिकाऊ श्रीमंत माणूस लाकडाच्या धंद्यातला, याचं मला नवल वाटलं नाही. त्याच्या घराण्याने गाव रिकामं झाल्यावरही राखणदार ठेवला. अरोराच्या विटा लोकांनी उचलून नेल्या, त्या गावाचा आज जवळपास मागमूस नाही. बोडीच्या फळ्या राहिल्या. १९६२ मध्ये राज्याने ते उद्यान म्हणून घेतलं. शंभराहून थोड्या जास्त इमारती आहेत, मूळ गावाच्या जेमतेम पाच टक्के.

आणि सोनं संपलं का, या तुमच्या पहिल्या प्रश्नाचं सगळ्यात सरळ उत्तर: १९८० च्या दशकाच्या शेवटी एका परदेशी कंपनीने त्याच टेकडीवर भोकं पाडून तपासणी केली आणि उघडी खदान घालायचा विचार मांडला. कमी प्रतीचं का होईना, सोनं होतंच. लोकांनी विरोध केला आणि १९९४ मध्ये कायदा करून बोडीच्या खोलगटीत नवीन खाणकामाला मनाई झाली. आजवर इथून साडेतीन कोटी डॉलरांच्या आसपास माल निघाल्याचं सांगतात. सोन्याच्या हिशेबात पन्नास टनांच्या आत. कोलारने आठशेच्या आसपास दिलं. उरलेलं टेकडीत आहे, आणि राहील.

जाल तेव्हा एवढं करा. रस्त्याचे शेवटचे तीन मैल कच्चे आहेत, गाडी सावकाश चालवा. स्वेटर जुलैतही हवाच. जमिनीवर खिळा, बाटलीची काच काही सापडलं तर उचलू नका. उचलणाऱ्याला शाप लागतो अशी दंतकथा आहे आणि जगभरातून लोक माफीच्या पत्रासह खिळे परत पाठवतात. शाप वगैरे नाही, पण माझ्या बायकोने खिशात टाकलेला खडा मी गाडीत बसण्याआधी परत ठेवायला लावला.

खिडक्यांतून आत डोकावून झालं की भिंतींकडे बघा. वाऱ्याने आणि वाळूने मऊ भाग खाऊन फळीचे कठीण रेषांचे कंगोरे वर आले आहेत. त्यावर बोट फिरवलं तर आमच्या घरच्या जुन्या पाट्याची आठवण होते. बऱ्याच ठिकाणी फटींवर पत्र्याचे डबे चपटे करून ठोकलेत, आतून वर्तमानपत्रांचे थरावर थर चिकटवलेत. घराच्या मागे जा, तिथे उद्यानाच्या सुतारांचं काम दिसतं. त्यांना घर दुरुस्त करून नवं करायचं नाही आणि पडूही द्यायचं नाही; १९६२ मध्ये जेवढं वाकलेलं होतं तेवढंच वाकलेलं ठेवायचं आहे. म्हणून भिंतीला बाहेरून आणि आतून टेकू दिलेत, अगदी आम्ही छताला द्यायचो तसेच. मी गेलो त्या दिवशी दोघं जण एका छपरावर चढून लाकडी कौलं बदलत होते. खाली ट्रकमध्ये नव्या फळ्यांचा भारा होता. मी विचारलं, लाकूड कुठून येतं? त्यातल्या एकाने हातातल्या हातोडीनेच दक्षिणेकडे, डोंगरापलीकडे दाखवलं.